सदूवरचा ठराव

"दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ, ती विधवा मास्तरीण गणपतीपासून तुमच्या खोलीत राहिलीय. आता तिला खाली आणून सोडा."

आमच्या लालबागच्या चाळीच्या चौकात उभं राहून वाचनालयाच्या बाई वर बघत हे ओरडल्या, तेव्हा नळावर संध्याकाळची रांग होती. हंडे भरायचे राहिले. भाऊंची बायको त्याच आठवड्यात गावाहून आली होती. भाऊ बनियनवरच जिना उतरले. हातात पुस्तक होतं आणि ते त्यांनी चारी बाजूंच्या गॅलऱ्यांना दिसेल असं उंच धरलं होतं. मास्तरीण कागदाची आहे हे चाळीला लगेच कळलं, भाऊंच्या बायकोला वेळ लागला. तिनं पहिलं पान शेजारणीकडून वाचून घेतलं, मास्तरणीचं वय विचारलं, आणि मगच भाऊंना जेवायला वाढलं.

बाईंना यात आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. महिनाभर राहिली ती राहिलीच, त्या म्हणाल्या.

पुस्तकांची नावं त्या घेतच नसत. पुस्तक म्हणजे त्यातलं माणूस. तोतरा पोस्टमन परत आला का, ती भांडकुदळ मावशी कोणाकडे आहे, अशी त्यांची चौकशी चाले. कपाटातली मांडणीही तशीच. विषय नाही, लेखक नाही, कोणाचं कोणाशी पटेल ते पाहून शेजार ठरे. एका खणात एकच पुस्तक कललेलं असायचं. त्याला शेजार सोसत नाही, असं त्या सांगत. पुस्तक परत केलं की कसं वाटलं असं विचारत नसत. "कोण भेटलं?" एवढंच. आपण "चांगलं आहे" म्हटलं की तेच पुस्तक परत हातात. तुमची गाठच पडली नाही, पुन्हा जा.

त्या शीव कोळीवाड्याच्या. आई आणि बहिणी दादरच्या बाजारात मासे विकायला बसायच्या. ह्या एकट्या शिकल्या, काही वर्षं शाळेत शिकवलं, मग ती नोकरी सोडली. का सोडली याच्या चाळीत बऱ्याच गोष्टी होत्या आणि बाईंनी त्यातली एकही खोडली नाही. आवाज मात्र बाजाराचाच राहिला. रोज बसनं यायच्या, केसांत अबोलीची वेणी, पिशवीत पुस्तकं आणि त्यांच्याच शेजारी कागदात बांधलेले सुके बोंबील. त्यामुळे कादंबरी म्हटलं की आजही माझ्या नाकात आधी बोंबील येतो.

मी ज्या घरात वाढले तिथे कादंबरी नव्हती. पत्रकं होती. बाबा गिरणीत विणकर आणि युनियनचे कार्यकर्ते. पत्रकांचे गठ्ठे आमच्या खोलीत पलंगाखाली, माळ्यावर, देवाच्या फळीखाली. मुळाक्षरं मी मथळ्यांवरून गिरवली. शाळेत गाईवर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी गाईच्या मागण्या लिहिल्या होत्या. याची मला लाज नाही. पत्रकानं मला सरळ वाक्य लिहायला शिकवलं आणि कोणापुढे वाकायचं नाही हेही शिकवलं. पण पत्रकात माणसं नसतात, बाजू असतात. आपली आणि त्यांची. हे पुरेसं आहे, असं मी पंधरा वर्षांची होईपर्यंत मानत होते.

मग संप झाला. भोंगे थांबले, आणि पहिले काही महिने कोणाला शंका नव्हती. मग भांडी विकायला निघाली, माणसं गावी परतू लागली, आणि एका सकाळी माझा दादा पोलिसांच्या गाडीत बसून गिरणीत कामाला गेला.

बाबांनी त्याची ट्रंक गॅलरीत ठेवली. त्यांनी शिवीही दिली नाही. आमच्या चाळीत बहुतेक सगळी एकाच गावची, कोकणातली माणसं. गावकीची बैठक रविवारी खालच्या मजल्यावर वाचनालयाच्याच खोलीत बसे, कारण खोली गावकीची आणि कपाटंही गावकीची. त्या रविवारी ठराव झाला. फितुराशी कोणी बोलायचं नाही, त्याला पाणी द्यायचं नाही, त्यानं चाळीत पाय ठेवायचा नाही. ठराव मांडला बाबांनी. दादा घोडपदेवला मामाकडे राहायला गेला. आई त्यानंतर कोणाशी फारशी बोलेनाशी झाली. तिला एकच हवं होतं, पोरगा परत घरात. ते मागायची जागा कुठेच नव्हती.

मलाही दादाचा राग आला होता. तो खरा होता, आणि आजही मी तो मागे घेतलेला नाही. म्हणूनच पुढचं मला नीट सांगता येत नाही.

त्या दिवसांत बाईंनी मला एक किशोर कादंबरी दिली. मी मागायला गेले होते क्रांतीवरचं काही. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सदू घेऊन जा. त्याला जरा सोबत हवीय."

सदू खाडीकाठच्या गावातला, माझ्याच वयाचा. बाप तर चालवणारा, म्हणजे होडीतून लोकांना खाडीपार करणारा. पहिल्या तीसेक पानांत काही म्हणजे काही घडत नाही. सदू शीळ वाजवायला शिकतो आणि त्याला ती येत नाही. ताप आलाय असं खोटं सांगतो आणि मग खरंच ताप आल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. खेकड्यांशी बोलतो. आजीचा राग आला की तिची काठी लपवतो आणि मग ती सापडेपर्यंत तिच्याबरोबर स्वतःच शोधत फिरतो. मी जिन्यात बसून वाचत होते आणि मला थांबता येत नव्हतं. पुढे काय होणार याची उत्सुकता नव्हती. सदू आता काय बोलेल, एवढंच हवं होतं. एक माणूस असा आतून, त्याच्या शेंबडासकट, मला पहिल्यांदाच दिसत होता. काठीच्या प्रसंगाला मी मोठ्यानं हसले. दादा गेल्यापासून आमच्या दारात कोणी हसलं नव्हतं. आई बाहेर येऊन बघून गेली.

मग ती जागा आली. गावात कंत्राटदाराची लाँच येते. सगळे तरवाले ठरवतात, तिच्यावर कोणी चढायचं नाही. आणि सदूला त्या लाँचचं इंजिन आवडतं. पहाटे उठून, बापाला न सांगता, तो कंत्राटदाराकडे इंजिन पुसायला जातो.

मी पुस्तक मिटलं. पत्रकाच्या हिशेबानं सदू फितूर होता, त्यात शंकाच नव्हती. पण सदूच्या हाताला तेल लागल्यावर तो ते हुंगतो ते मी वाचलं होतं. मला तो आवडत होता, आणि आवडतो म्हणून स्वतःचा संताप येत होता. मी पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. धावत खाली गेले आणि बाईंना विचारलं, हे असलं पुस्तक तुम्ही संपाच्या दिवसांत का देता. बाई कपाट पुसत होत्या. कोण भेटलं, त्यांनी विचारलं. एक फितूर, मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "फितूर तुला आधीपासून माहीत होता. मी विचारलं, भेटलं कोण."

याचा अर्थ मला कळला नाही. तोवर वरती बाबांनी पुस्तक उघडलं होतं. मी जिन्यात टाकून गेले होते ते. उभ्याउभ्याच त्यांनी नेमकी ती पानं वाचली, आणि रविवारी ते पुस्तक काखेत मारून गावकीच्या बैठकीला गेले.

ठराव साधा होता. हे पुस्तक संपकऱ्यांच्या मुलांना फितुरी शिकवतं, सबब ते कपाटातून काढावं. अध्यक्ष तात्या होते, चाळीतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी हात वर करायला सांगितलं. बाई बैठकीत एवढ्याचसाठी असायच्या की किल्ली त्यांच्याकडे असे. बाहेरच्या, त्यात बाई माणूस, बोलायचा हक्क नव्हता. त्या बोलल्या.

"तात्या, तुमच्या गावकीत रीत काय? ज्याच्यावर ठराव, त्याला समोर बोलावून त्याचं म्हणणं ऐकत नाही?"

तात्या म्हणाले, रीत तीच. पण पुस्तकाला कसं बोलावणार.

"आलंय ते. यांच्या काखेत आहे. बोलू द्या त्याला, पहिल्या पानापासून. ऐकल्याशिवाय हात वर नको."

रीत निघाली की आमची माणसं अडतात. पुढाऱ्याचं ऐकणार नाहीत, मालकाचं तर मुळीच नाही, पण रीत म्हटली की गप्प. शेवटी ठरलं की दिवेलागणीला रोज वाचन करायचं, सगळ्यांनी ऐकायचं आणि मग मत. वाचणार कोण? चाळीत सगळ्यांत खणखणीत वाचन बाबांचं. ठराव मांडणाऱ्यालाच आरोपीची बाजू वाचावी लागली.

बाबांना वाचायची एकच पद्धत माहीत होती, गिरणीच्या दारावर पत्रक वाचतात ती. "सदूला शिंक आली," हे वाक्य त्यांनी असं वाचलं की मागच्या रांगेतला एकजण घोषणा द्यायला उठला. पहिले दोन दिवस माणसं कर्तव्य म्हणून बसली. मग त्यांना चटक लागली. दिवसभर हाताला काम नसलेली माणसं ती, नाक्यावर उभं राहून कंटाळलेली. सकाळी नळावर बोलणी सुरू, आज म्हातारीक काठी मेळतली काय. कोणी म्हणे ह्याका फटके होये, कोणी म्हणे बापूसच खडूस, पोर काय करतला. बायका दाराबाहेर बसू लागल्या. भाऊंची बायको रोज सगळ्यात आधी येऊन उंबऱ्याजवळची जागा धरे. बाबा दुपारी एकटेच पुढचं प्रकरण वाचताना आईला सापडले. सराव करतोय, असं त्यांनी सांगितलं.

त्यांचा आवाज मात्र दिवसागणिक उतरत गेला. घसा बसला होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. बापानं पहाटे उठून सदूचं रिकामं अंथरूण बघितलं ते पान त्यांनी इतकं हळू वाचलं की मागचे ओरडले, ऐकू येत नाय.

बाई या सगळ्या दिवसांत एका खुर्चीवर बसून अबोलीची देठं सारखी करत होत्या. मध्ये एकदा त्या आल्याच नाहीत. दारावर कुलूप आणि खडूनं लिहिलेलं, "मोर्चाला गेले आहे." त्या प्रत्येक मोर्चाला जात. जेल भरो झालं तेव्हा त्या आत गेल्या आणि कोठडीवरच्या महिला पोलिसाला पिशवीतलं एक पुस्तक देऊन आल्या. ते परत मिळावं म्हणून नंतर ठाण्यावर खेटे घालत होत्या. त्या कोणाच्या बाजूच्या, याबद्दल माझ्या मनात तोवर शंका नव्हती.

कादंबरीचा शेवट असा आहे. कंत्राटदारानं हाकललेला सदू धक्क्यावर उभा. बाप होडी घेऊन येतो. होडी लावायला धक्क्यावरच्या कोणीतरी दोर धरावा लागतो. बाप दोर फेकतो. सदू हात वर करतो.

तिथे पुस्तक संपतं.

खोलीत गोंधळ झाला. पुढचं पान फाटलंय, अशी सगळ्यांची खात्री. पुस्तक हातोहात फिरलं, तात्यांनी चष्मा लावून शिवण तपासली. कोणीतरी बाईंवर पान लपवल्याचा आरोप केला. बाई म्हणाल्या, एवढंच आहे. असं कसं एवढंच, दोर धरलान की नाय? ते मला माहीत नाही, बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

तात्यांनी शांतता करून मत मागितलं. तेव्हा दाराबाहेरून माझी आई उठून उभी राहिली. बैठकीत बायका बोलत नसत. आई तर घरातही बोलायची थांबली होती.

"पुस्तकातल्या झिलाचा सगळा आयकलात," ती म्हणाली. "माझ्या झिलाचा कोणी आयकल्यान?"

कोणाचाच हात वर गेला नाही. रीत मोडली होती, आणि ती मोडून कितीतरी दिवस झाले होते. दादावरचा ठराव त्याला न बोलावता झाला होता, आणि ते एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मग तात्या म्हणाले, येत्या रविवारी त्याका बोलवा. पण निरोप देणार कोण? त्याच्याशी बोलायची तर बंदी.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "शनिवारी मी जातेच घोडपदेवला. त्याची पुस्तकं बदलायची असतात."

मोर्चात माझ्यापुढे चालणारी ही बाई दर शनिवारी एका फितुराला पुस्तकं पोचवत होती. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "हेच दिलंत काय त्याला?"

"हे कशाला? त्याला मी ती भांडकुदळ मावशी दिलीय. हसत नाही तो हल्ली."

पुढे गिरण्यांची कुलपं गंजली, मी लिहू लागले, सभांमधून बोलू लागले, तेव्हा एकदा बाई मला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटल्या. केस पांढरे, वेणी तशीच. मी ठरवून विचारलं. म्हटलं, बाई, सदू तुमचा लाडका होता, म्हणून तुम्ही त्याच्यासाठी एवढं भांडलात ना? त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी शिळी सुरमई मागितली होती.

"मला तो कधीच आवडला नाही. आळशी, खोटारडा. माझ्या भावानं असं केलं असतं तर मी त्याच्या कानाखाली काढली असती."

मग दादाकडे का जात होता, मी विचारलं. संप तुम्हाला पटत नव्हता का?

"पटत नव्हता तर मार खायला गेले होते का मोर्चात?"

मग?

मग काही नाही. त्यांनी शेंगा सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले आणि मैदानात एका पोराला क्रिकेटच्या जाळीत चेंडू कळत नाही, तो कसा आज रडून घरी जाणार, हे सांगू लागल्या. मी घरी येऊन त्यांच्यावर लेख लिहायला घेतला. त्यांची बाजू कोणती, या वाक्यावर अडला. तो लेख कधी झाला नाही. हे जे लिहिते आहे त्यातही मला ते वाक्य सापडलेलं नाही.

त्या रविवारी दादा आला. बारीक झाला होता. चौकातून येताना गॅलऱ्या भरलेल्या होत्या आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. तो खोलीत उभा राहिला. बाबा समोर, ठराव मांडणाऱ्याच्या जागी. बाईंनी त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. तात्या म्हणाले, बोल.

मला वाटलं होतं, तो पोटाचं सांगेल. आईचं, माझ्या शाळेचं. त्याला माफ करायचं तर तेवढी फट तरी मिळेल, असं मनात होतं. सगळ्यांच्याच मनात असावं.

"पोटासाठी गेलो म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल," दादा म्हणाला. "पण पोटासाठी नाही गेलो. मला नुकतेच माझे साचे मिळाले होते. बदलीवर, रोज दुसऱ्याच्या जागी राबून राबून मिळालेले. झोपलो की हातात धागा यायचा. मला करमत नव्हतं."

तिथे बसलेल्या प्रत्येकाचं आयुष्य मागांवर गेलं होतं. मागाला आमच्याकडे साचा म्हणत, आणि साचा सुटल्यापासून त्यांतल्या एकालाही करमत नव्हतं. ते कुठल्या पत्रकात नव्हतं.

"आणि आत गेल्यावरही करमलं नाही," तो म्हणाला. "सगळं खातं बंद. मी एकटा. एका साच्याचा आवाज ऐकलाय कधी कोणी?"

तो थांबला. बोलणं संपलं होतं. त्यानं माफी मागितली नाही. तात्यांनी बाबांकडे बघितलं, कारण ठराव त्यांचा. बाबा उठले, मुठी बाजूला, छाती पुढे, गिरणीच्या दारावर उभे राहत तसेच. ते काय बोलावेत असं मला वाटत होतं, तेच मला माहीत नव्हतं.

"अध्यक्षमहाराज, सभा तहकूब करावी अशी माझी सूचना आहे."

कधीपर्यंत, तात्यांनी विचारलं.

"तारीख न देता."

तात्यांना असलं काही ठाऊक नव्हतं. आधीच्या ठरावाचं काय, ते म्हणाले. बाबांनी भिंतीकडे बघत सांगितलं की तो ठराव म्हणणं न ऐकता झालेला, त्यामुळे निकाल लागेपर्यंत तो रद्दही नाही आणि लागूही नाही. पुस्तकाचंही तसंच. भाऊंनी अनुमोदन दिलं. काय झालं हे खोलीतल्या निम्म्यांना कळलं नाही. ती सभा पुन्हा बोलावली गेली नाही. पुस्तक कपाटात गेलं नाही आणि बाहेरही गेलं नाही. बाईंच्या टेबलावर पडून राहिलं आणि तिथूनच पोरं नेत राहिली.

आई दारात उभी होती. तिनं बाबांना विचारलं, "म्हंजे माका काय समाजला नाय. जेवक वाढू काय?"

"सभा तहकूब झाली की माणसं आपापल्या घरी जातात," बाबा म्हणाले आणि मागे न बघता जिना चढू लागले.

बाईंनी आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढून कुलूप लावलं. दादाचा हात धरून मावशी कुठे आहे ते विचारलं, आणि बस पकडायला निघून गेल्या.

वर आईनं ताटं मांडली. भात, डाळ, एक भाजलेला बोंबील चौघांत. दादाच्या पानातलं संपलं की आई वाढत होती. मी दादाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघत होते. बाबांचं जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा ते ताटातच बघत म्हणाले,

"एकाच साच्याचा आवाज कसा येतो रे?"

दादानं घास खाली ठेवला. मग बोटाच्या पेरानं पितळी ताटाच्या काठावर वाजवून दाखवायला लागला, सावकाश, मध्ये थांबून. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले.